खुर्चीतल्या खेळाडूचा फॉर्म

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या रविवारी आपल्या सांगलीत नाईन-बॉल पूलची स्पर्धा संपली. साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंतची पोरं खेळायला आली होती. रात्री साडेदहाला बक्षिसं वाटून झाली, खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावल्या गेल्या, आणि विश्रामबागेतल्या चहाच्या गाड्यावर दुसरी स्पर्धा सुरू झाली. विषय एकच होता. कराडच्या पोराचा फॉर्म गेला का?

"गेलाय कसला, संपलाय मर्दा! सात-दोन म्हंजे काय खेळ झाला?"

"आन् नऊ नंबर चुकला की. समोरचा नऊ! आमचं बारकं पोरगं मारंल तो."

"लग्न ठरलंय म्हनं त्याचं."

यावर सगळे एकदम गप्प झाले. निदान पक्कं झालं असावं.

माझ्या खिशात वही होती. अशा स्पर्धांना मी एका कोपऱ्यात बसून रॅकमागून रॅक, म्हणजे डावामागून डाव, टिपत असतो. बँकेतली नोकरी संपली तरी खतावणीची सवय जात नाही. पण चहाच्या गाड्यावर वहीला कुणी विचारत नाही, तिथं आवाज लागतो. आज इथं रेडिओवर मला मधेच तोडणारं कुणी नाही, म्हणून सांगून घेतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. टेबल नऊ फुटी, त्यावर एक ते नऊ नंबरचे बॉल आणि एक पांढरा. पांढऱ्याने दर वेळी टेबलावरच्या सर्वांत लहान नंबरला आधी लागायचं. कुठलाही बॉल गेला तर पुढचा फटका आपलाच. नऊ नंबर नियमात बसेल असा ज्याने घातला, रॅक त्याची. पहिले आठ कुणी घातले याला काही मोल नाही. शेतात आठ महिने एकाने राबावं आणि ऊस दुसऱ्याने तोडून न्यावा, तसला हा व्यवहार. फाउल झाला की समोरचा पांढरा हातात घेतो आणि टेबलावर पाहिजे तिथं ठेवून खेळतो. या दर्जाच्या खेळाडूच्या हातात पांढरा देणं म्हणजे रॅक जवळपास देऊन टाकणं.

आणि आपल्या स्पर्धेत नियम होता की जो रॅक जिंकेल त्यानेच पुढचा ब्रेक, म्हणजे रचलेले बॉल फोडणारा पहिला फटका, करायचा. सगळी गोम इथं आहे.

आता वही उघडतो. उपांत्य सामना, कराडचा पोरगा आणि मिरजेचा एक चाळिशीतला गडी. आधी सात रॅक घेईल तो जिंकला. पहिल्या रॅकला मिरजकराने ब्रेक केला आणि नऊच्या नऊ साफ केले. दुसऱ्या रॅकला त्याचा ब्रेक बसला आणि नऊ नंबर सरळ पॉकेटात गेला. रॅक संपली. इथवर दोन-शून्य, आणि कराडच्या पोराने स्टिकला नुसता चॉक लावला होता. तिसऱ्यात मिरजकराचा ब्रेक कोरडा गेला, काहीच पडलं नाही. पोरगा उठला, एक ते नऊ काढून परत बसला. दोन-एक. चौथ्यात त्याचा ब्रेक, पांढराच पॉकेटात, म्हणजे फाउल. तीन-एक. पाचव्यात मिरजकराने पांढरा आठच्या मागे दडवला. पोराने कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर आपटून, मारायचा प्रयत्न केला, लागला नाही, फाउल. चार-एक. सहावी रॅक मी नंतर सांगतो, ती पाच-एक झाली. सातव्यात मिरजकर चार नंबरवर चुकला, पोराने चार ते नऊ घेतले. पाच-दोन. आठव्यात पोराचा ब्रेक कोरडा, समोरच्याने सगळं आवरलं. सहा-दोन. नवव्यात मिरजकराने पुन्हा ब्रेकपासून शेवटपर्यंत उभ्या-उभ्या काढली. सात-दोन.

आता हिशेब बघा. हरलेल्या सातपैकी तीन रॅकमध्ये हा पोरगा खुर्चीतून उठलेलाच नाही. त्या तीन रॅकमध्ये त्याचा फॉर्म चांगला होता की वाईट, हे कशावरून ठरवायचं? तो कसा बसला होता त्यावरून?

क्रिकेटवर पोसलेली आपली नजर इथं फसते. स्मृती मानधना दोन सामन्यांत लवकर बाद झाली की आपल्या सांगलीत घरोघरी फॉर्मची चर्चा होते. गावचीच पोर आहे, तेवढा हक्क आपला आहे. पण सलामीला आल्यावर तिच्या वाट्याला बॉल तरी येतात. कुस्तीतही तसंच. कुंडलच्या मैदानात पैलवान उतरला की त्याचे दोन हात समोरच्याला लागतातच. पूलमध्ये मात्र तुम्ही पूर्ण तयारीने या, नवं टिप लावलेली स्टिक घेऊन या, आणि अर्धा तास हातावर हात ठेवून बसा. १९९६ साली अमेरिकेत डॅलसला अर्ल स्ट्रिकलंड नावाच्या पूल खेळाडूने सलग ११ रॅक काढल्या होत्या. समोरचा गडी खुर्चीत. त्याच्या फॉर्मबद्दल त्या दिवशी कुणाला काय सांगता आलं असतं?

आता ती सहावी रॅक. चहाच्या गाड्यावर ज्यांनी पोराला निकालात काढलं, त्यांच्या डोळ्यांत हाच बॉल आहे. मिरजकराचा ब्रेक कोरडा गेला होता. पोराने एकापासून सुरुवात केली आणि सहापर्यंत असे नीट काढले की मागच्या बाकावरची कुजबूजही थांबली. सात नंबर उजव्या कोपऱ्यात घालायचा होता. घातला. पण पांढरा दोन बोटं जास्त सरकला. पॉकेटात बॉल पडल्याचा आवाज झाला, टाळ्या पडल्या, आणि सगळ्यांच्या माना आठ नंबरकडे वळल्या. पोराचं तोंड मात्र तेवढ्यात उतरलं होतं. पांढरा आठच्या चुकीच्या बाजूला गेला होता. आता आठ घालून नऊवर यायचं तर पांढऱ्याला आख्खं टेबल ओलांडून, दोन कुशन घेऊन फिरवायला हवं. त्याने तेही केलं. आठ गेला, पुन्हा टाळ्या. पांढरा फिरून आला आणि लांबच्या कुशनला चिकटून थांबला.

कुशनला चिकटलेला पांढरा म्हणजे काय, ते खेळणाऱ्याला विचारा. बॉलचा वरचा जेमतेम भाग स्टिकला मिळतो. मागचा हात उचलून वरून खाली मारावं लागतं, आणि स्टिक मधोमध न लागता जराशी बाजूला लागली की बॉल रेषेतून सुटतो. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साडेचार इंचांच्या आसपास, बॉल सव्वादोन इंचांचा. म्हणजे तोंडात दोन बॉल शेजारी-शेजारी कसेबसे मावतील. अर्ध्या टेबलाच्या अंतरावरून, तिरका, कुशनवरून. नऊ नंबर पॉकेटच्या तोंडाशी डावी-उजवीकडे दोनदा आपटला आणि तिथंच बसला. मिरजकराने उठून एका हाताने घातला असता तरी गेला असता.

"समोरचा नऊ चुकला" म्हणणाऱ्यांनी नऊ पाहिला. चूक सातवर झाली होती, आणि तेव्हा आपण सगळे टाळ्या वाजवत होतो. मीसुद्धा.

अमेरिकेत पॅट फ्लेमिंग नावाच्या गृहस्थांनी सामन्यांची मोजदाद करायची एक पद्धत रूढ केली आहे. हिशेब सोपा आहे: घातलेले बॉल भागिले घातलेले बॉल अधिक चुका. ०.९०० च्या वर खेळणारा जागतिक दर्जाचा समजतात. त्यांच्या पद्धतीत चुका मोजण्याचे बारकावे बरेच आहेत. मी आपला ढोबळ हिशेब केला. कराडच्या पोराने नऊ, आठ आणि सहा असे २३ बॉल घातले. चुका तीन: ब्रेकवर पांढरा गेला ती, कुशनवरचा फाउल आणि तो नऊ. २३ भागिले २६, म्हणजे ०.८८.

सात-दोनने हरलेल्या, लग्न ठरलेल्या, संपलेल्या पोराचा हा आकडा.

अर्थात २३ बॉलांवर कुणाला जागतिक दर्जाचा ठरवणं हाही गाड्यावरचाच न्याय झाला, फक्त उलट्या बाजूने. म्हणून आणखी एक गोष्ट मी भाच्याकडून मोबाईलवर करून घेतली. समजा दोन खेळाडूंत एक खरोखर सरस आहे. शंभर रॅक खेळले तर तो ५५ घेतो आणि दुसरा ४५. हा फरक लहान नाही, रोज बघणाऱ्याला तो दिसतो. असे दोघं सातपर्यंतचे सामने खेळत राहिले तर सरस खेळाडू किती जिंकेल? शंभरातले ६४. उरलेल्या ३६ सामन्यांत कमी दर्जाचा माणूस गळ्यात हार घालून घेतो आणि गाड्यावर सरस माणसाचा फॉर्म जातो.

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. पुढचं जागतिक विजेतेपद त्यांनी १९६४ ला घेतलं. मधल्या सहा वर्षांत कुठल्या ना कुठल्या चहाच्या दुकानात त्यांनाही संपवलं गेलं असेल.

एवढं सगळं मी दुसऱ्या दिवशी पूल पार्लरमध्ये जाऊन मामांना सांगितलं. मामा म्हणजे आमचे जुने मार्कर. गुण मांडणं, बॉल पुसणं, कापडावर ब्रश फिरवणं, हेच त्यांनी आयुष्यभर केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ब्रश चालूच होता. मग म्हणाले, "साहेब, तुमी बॉल मोजता. मी पाय बघतो."

"म्हणजे?"

"पोरगं आधी एकदा वाकायचं आन् मारायचं. परवा वाकायचं, उठायचं, चॉक लावायचं, परत वाकायचं. वाकल्यावर मागचा पाय हलवायचं. तुमच्या वहीत पाय कुटं हाय?"

नाही. वहीत पाय नाहीत. मी तिथंच कबूल केलं. ०.८८ वाला पोरगा आतून डळमळीत असू शकतो, आणि सातवर पांढरा जे दोन बोटं जास्त सरकला ते त्या मागच्या पायामुळेही असेल. गाड्यावरच्या मंडळींना जे वाटलं ते अगदीच हवेतलं नव्हतं म्हणायचं. फक्त त्यांनी भलत्या बॉलकडे बोट दाखवलं.

पण मामांनी पुढं आणखी एक सांगितलं, ते मला जास्त पटलं. शनिवारपर्यंत बॉल लाकडी चौकटीत लावत होते. रविवारी उपांत्य सामन्यांपासून बॉलखाली ठेवायचा तो प्लॅस्टिकचा पातळ कागद आणला. लाकडी चौकटीत बॉलांमध्ये बारीक फटी राहतात, मग ब्रेकचं वजन आत जिरतं आणि बॉल मनाला येईल तसे फुटतात. पातळ कागदावर ते एकमेकांना घट्ट चिकटतात. तिथं जोर कमी आणि जागा नेमकी लागते. कडेला पांढरा ठेवून एक नंबरला पुरता समोरून मारला की बाजूचा बॉल कोपऱ्याच्या पॉकेटाकडे धावतो. मिरजकराने पहिल्याच रॅकला पांढरा कडेला सरकवला. पोरगा दोन्ही वेळा शनिवारचाच ब्रेक करत राहिला, मधून आणि दणकून. एकदा पांढरा गेला, एकदा काहीच पडलं नाही. सामन्यात त्याला ब्रेक मिळाले तेवढे दोनच.

त्यात हवा पावसाळी. कृष्णाकाठच्या पार्लरमध्ये जुलैत कापड जड होतं, बॉल लवकर दमतो, कुशनवरून येणारा कोन बदलतो. २०१९ च्या पुरात आमच्या एका ओळखीच्याच्या पार्लरमधलं टेबल चार दिवस पाण्यात होतं. खालची दगडी फरशी शाबूत निघाली, लाकूड मात्र फुगलं ते फुगलंच. त्या टेबलावर अजून बॉल एका कोपऱ्याकडे ओढतो आणि तिथली पोरं त्याला 'पूरकोपरा' म्हणतात. विषयांतर झालं, पण घरच्या टेबलाची सवय म्हणजे काय ते यावरून कळावं.

तर माझं मत असं झालं. पोराचा नेम शाबूत आहे, ब्रेक बिघडलाय, आणि खुर्चीत बसून बसून पाय अस्वस्थ झालेत. याला फॉर्म म्हणायचं की आणखी काही, ते तुम्ही ठरवा. हे मत मी मामांसमोर जरा ऐटीत मांडलं.

बुधवारी संध्याकाळी कराडहून फोन आला. नंबर त्याला मामांनीच दिला असणार. "काका, तुम्ही सगळं लिहून ठेवलंय म्हणं. एक विचारू का?"

मला वाटलं, पोरगा ०.८८ बद्दल विचारणार. मी वही आणि चष्मा घेऊन बसलो.

"आठव्या रॅकला माझा ब्रेक एक नंबरला कुठं लागला होता? समोरून, का डाव्या अंगाला?"

मी पान उघडलं. आठव्या रॅकपुढं माझ्या अक्षरात एकच शब्द होता: कोरडा.

"लिहिलं नाही रे बाबा," मी म्हटलं.

"बरं. पुढच्या वेळी बघाल का तेवढं?"

कालच मी शंभर पानी नवी वही आणली. पहिल्या दहा पानांवर पट्टी लावून टेबलं आखून झाली आहेत, प्रत्येक टेबलावर एक नंबरचा बॉल रुपयाच्या नाण्याएवढा मोठा काढलाय, म्हणजे पांढरा कुठं लागला तिथं पेन्सिलीने ठिपका देता येईल. पुढची स्पर्धा गणपतीनंतर साताऱ्यात आहे. पोराच्या लग्नाची तारीख त्याच आठवड्यातली निघू नये, एवढीच धाकधूक आहे.

नमस्कार.