कपाटातलं कागदावर

नमस्कार श्रोतेहो.

२०१९ च्या ऑगस्टातला महापूर आपल्याकडं कुणी विसरलेला नाही. माझ्या आत्याचं घर निपाणीच्या अंगाला, वेदगंगेच्या काठी. पाणी ओसरल्यावर विम्याचा सर्व्हेअर आला नि म्हणाला, "काय काय होतं, सांगा मावशी." आत्याला घंगाळ आठवलं, फ्रीज आठवला. शिलाई मशीन आठवलं ते चार दिवसांनी. पावत्या होत्या की! पण त्याच कपाटात, लगदा झालेल्या.

म्हणून घरातल्या सामानाची यादी करायची ती घर कोरडं असताना. मोबाइल घ्या, कपाटांची दारं उघडा, खोली-खोलीचा व्हिडिओ काढा. टीव्ही-फ्रीजच्या मागल्या पट्टीवरचा नंबर टिपा. दुकानातल्या गुळगुळीत पावत्या बघता बघता पांढऱ्या पडतात, त्यांचे फोटो आजच काढा. नि सगळं पुण्याला असलेल्या लेकाला व्हॉट्सअ‍ॅपवर धाडून द्या, घरात एकच प्रत नको. यादी मात्र घरातल्या बाईनं सांगावी. माळ्यावरच्या डब्यात काय आहे, हे आम्हा पुरुषांना कुठलं ठाऊक!

सोन्याचं निराळं. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' पॉलिसी आहे. तीत घराचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरसामानालाही संरक्षण मिळतं, तेही यादी न देता. दागिने त्यात येत नाहीत, ते जादा हप्ता भरून वेगळे नोंदवावे लागतात. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत नि एकेक डाग लाखाच्या आतला असेल, तर किमतीचा दाखला मागत नाहीत. लाखात हल्ली काय बसतंय म्हणा! साध्या घरफोडीसाठी वेगळा विमा लागतो. आणि लॉकरमधल्या सोन्याचा विमा बँक उतरवत नाही.

नव्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क नंबर असतो, तो यादीत उतरवा. आजीच्या डागावर कसला नंबर? तो सोनाराकडं नेऊन वजन लिहून घ्यायचं.

आत्याची बोरमाळ घरात कायम "तीन तोळ्यांची" म्हणून मिरवलेली. सोनारानं तराजूत टाकली, तर काटा बरोबर तीनवर. मग त्यानं एक मणी नखानं टोकरून दाखवला. "आत लाख आहे, आत्याबाई. ती वजा करून लिहितो."

आत्या म्हणाली, "लिहा. पण सुनेसमोर वाचू नका."