राहण्याच्या जागा पुष्कळ

बंधुभगिनींनो,

कोणी गेले की आपण म्हणतो, ‘प्रभूच्या घरी गेले.’ इतक्या वेळा म्हणतो की त्यातल्या ‘घर’ या शब्दाकडे लक्षच राहत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका वृद्ध बाईंच्या उशाशी बसलो होतो. दिवस थोडे उरले होते आणि त्यांना ते ठाऊक होते. मी प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, स्वर्गातून उतरणाऱ्या नव्या यरुशलेम नगराचा भाग वाचून दाखवत होतो. रत्नांचे पाये, मोत्यांच्या वेशी, सोन्याचा रस्ता. त्यांनी हात जरासा उचलून मला थांबवले. “ते सगळं असू दे,” त्या म्हणाल्या. “तिथं मला कोणी ओळखेल का?”

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही.

‘पित्याचे घर’ हे शब्द येशूने उच्चारले ती रात्र आठवा. येशूला धरून देणारा शिष्य यहूदा उठून बाहेर गेला आहे. दुसरा शिष्य पेत्र ‘तुझ्यासाठी जीव देईन’ म्हणतो आहे आणि येशू त्याला सांगतो, कोंबडा आरवण्याआधी तू मला तीन वेळा नाकारशील. इथे योहानाच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय संपतो आणि आपण पान उलटतो. पण योहानाने अध्याय पाडले नव्हते, ते पुष्कळ शतकांनंतर पाडले गेले. सलग वाचा. ‘नाकारशील’ या शब्दानंतरचे पुढचेच वाक्य आहे, तुमचे अंतःकरण अस्वस्थ होऊ नये. माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत. मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो. म्हणजे ही जागा कोणासाठी तयार होते आहे? त्याच रात्री ओळख नाकारणाऱ्यासाठीसुद्धा. हे लक्षात आले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो.

‘राहण्याची जागा’ यासाठी मूळ ग्रीक शब्द आहे ‘मोने’. ‘राहणे’ या क्रियापदापासून आलेला, अगदी साधा शब्द. संपूर्ण नव्या करारात तो फक्त दोनदा येतो आणि दोन्ही वेळा याच 14व्या अध्यायात. दुसऱ्यांदा 23व्या वचनात. जो माझ्यावर प्रीती करतो त्याच्याकडे आम्ही येऊ आणि त्याच्याजवळ वस्ती करू, असे तिथे येशू म्हणतो. ही ‘वस्ती’ म्हणजे तोच शब्द. आपल्याला त्याच्या घरी जागा आहे आणि त्याला आपल्यात जागा हवी आहे. म्हणून सार्वकालिक घराची सुरुवात मरणानंतर होते असे मी मानत नाही. ज्याच्या घरी जायचे तो आधीच आपल्याकडे राहायला आलेला असतो.

आपल्या भाषेत या ओढीला जवळचा शब्द ‘माहेर’. जिथे काही सिद्ध करून दाखवावे लागत नाही, ती जागा. पण माहेराला परतीचा दिवस असतो. या घराला तो नाही.

अब्राहामाला देवाने देश देऊ केला, आणि त्या देशात तो तंबूत राहिला. त्याचा मुलगा इसहाक आणि नातू याकोबही तंबूतच. त्याने तिथे विकत घेतलेली जमीन कोणती, तर पत्नी सारेला पुरण्यासाठी मकपेलाची गुहा आणि तिच्या भोवतीचे शेत. 400 शेकेल रुपे तोलून दिले. वचनदत्त देशात सातबारा म्हणावा असा एवढाच, कबरेचा! तरी इब्री लोकांस पत्र सांगते की तो पाया असलेल्या नगराची वाट पाहत होता. प्रेषित पौल तर स्वतः तंबू करणारा. कापड कसे झिजते, दोर कसे सैल पडतात हे हाताला माहीत असलेला माणूस. तोच आपल्या शरीराला तंबू म्हणतो आणि मोडलेल्या तंबूच्या जागी हातांनी न बांधलेले घर आहे, असे सांगतो.

मात्र इथे एक चूक फार होते. पृथ्वी म्हणजे धर्मशाळा, एक रात्र काढायची आणि निघायचे, अशी भाषा आपण उपदेशात वापरतो. मला ती मान्य नाही. प्रकटीकरणाच्या 21व्या अध्यायात माणसे वर जात नाहीत, नगर खाली उतरते. ‘पाहा, देवाचा मंडप मनुष्यांजवळ आहे,’ अशी वाणी होते. त्या नगराची लांबी, रुंदी आणि उंची सारखीच, 12,000 स्टेडिया, म्हणजे सुमारे 2,200 किलोमीटर. एवढे उंच नगर कशाला, असा प्रश्न पडतो. पण शलमोनाच्या मंदिरातले परमपवित्रस्थान, देवाच्या सान्निध्याची सर्वांत आतली खोली, आठवा. तेही तिन्ही बाजूंनी सारखे होते, 20 हात. त्या खोलीत वर्षातून एकदा, एकटा महायाजक, रक्त घेऊन जायचा. बाकी सगळे बाहेर. आता ती खोली नगराएवढी झाली आहे! म्हणूनच योहानाला तिथे मंदिर दिसत नाही, आणि वेशी कधी बंद होत नाहीत. त्या नगरात देव कोणाच्या डोळ्यांतले पाणी पुसायला दूत पाठवत नाही, स्वतः पुसतो.

त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला दुसऱ्या दिवशी सापडले, योहानाच्या 20व्या अध्यायात. मी परत गेलो. येशूची अनुयायी मग्दालीया मरीया त्याच्या कबरेजवळ रडत उभी आहे. मागे येशू उभा आहे आणि तिला तो माळी वाटतो. तिला तो ओळखू आला नाही. त्याने मात्र तिला ओळखले होते. त्याने एकच शब्द उच्चारला, ‘मरीये.’ तेव्हा ती वळली. मरण ओलांडून आलेल्याला तिचे नाव आठवत होते. त्याच्या हातांवरचे खिळ्यांचे वणही तसेच होते, शिष्य थोमाला ते त्याने दाखवले.

मी एवढेच वाचले. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटले झोप लागली. थोड्या वेळाने म्हणाल्या, “तो हाक मारतो ना, तेवढं परत वाचा.” मी वाचले. मग त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला सांगितले आणि या वेळी मरीयेच्या नावाच्या जागी हळूच स्वतःचे नाव घेतले.