पुराच्या पाण्याखाली काय चालतं

मंडळी, पूर म्हटलं की आपण पाण्याबद्दल बोलतो. किती आलं, कुठवर चढलं, कधी उतरलं. पुरांच्या अभ्यासात इतकी वर्षं काढल्यावर मला आज आग्रहाने सांगावंसं वाटतं, की नदी जे वाहून नेते त्यातलं पाणी तेवढं मोजून पूर समजत नाही. गाळ मोजायला हवा. आणि तो मोजण्याची वेळ नेमकी तीच असते, जेव्हा नदीजवळ जाणंही अवघड असतं.

कोसीपासून सुरुवात करतो. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधल्या कुसहाजवळ कोसीचा पूर्वेकडचा तटबंध फुटला. नदी आपलं पात्र सोडून जवळपास १२० किलोमीटर पूर्वेला सरकली आणि बिहारमधल्या लक्षावधी लोकांच्या घरादारातून वाहू लागली. त्या दिवशी नदीत पाणी होतं सुमारे १ लाख ४४ हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट. तिथल्या बंधाऱ्याची रचना साडेनऊ लाख क्युसेकसाठी केलेली आहे. म्हणजे क्षमतेच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी पाण्यात हे घडलं. देखभालीचे प्रश्न होतेच, ते कुणी नाकारत नाही. पण तटबंधांच्या आत अडकलेला हिमालयाचा गाळ वर्षानुवर्षं तिथेच साचत होता. नदीचा तळ बाहेरच्या शेतांपेक्षा उंच झाला होता आणि प्रवाह एका बाजूला रेटला गेला होता. नुसते विसर्गाचे, म्हणजे दर सेकंदाला किती पाणी वाहतं याचे, आकडे पाहणाऱ्याला ते वर्ष साधंच वाटलं असतं.

माझी स्वतःची सुरुवात मात्र पावसापासून झाली. पुरावर काम करायचं तर पाऊस आधी, असा सरळ विचार होता. शिवाय पावसाच्या नोंदी जुन्या आणि लांबलचक असतात, संशोधनाच्या पहिल्या वर्षांत त्याचा मोठा आधार वाटतो. पण त्या नोंदींत खोल शिरलं की कळतं, पर्जन्यमापकाचं तोंड असतं जेमतेम वीस सेंटिमीटर रुंद. जगभरातल्या सगळ्या पर्जन्यमापकांची तोंडं शेजारी शेजारी मांडली तर फुटबॉलचं अर्धं मैदानसुद्धा भरत नाही, असा हिशोब काही हवामानशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मांडला. एवढ्याशा जागेवर पडलेल्या पाण्यावरून आपण अख्ख्या पाणलोट क्षेत्राचा अंदाज बांधतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३. तिथे एकच मापक असता आणि तो कुलाब्याला असता, तर त्या दिवसाची नोंद काय झाली असती? आता रडार आहेत, उपग्रह आहेत, चित्र पुष्कळ सुधारलं आहे. तरी डोंगरमाथ्यावर, जिथे पाऊस सर्वात जास्त आणि मापक सर्वात कमी, तिथला प्रश्न अजून तसाच आहे.

पावसाकडून मी विसर्गाकडे वळलो, आणि तिथे दुसरी अडचण भेटली ती नोंदींच्या लांबीची. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर असं आपण सहज म्हणतो. त्याचा अर्थ एवढाच, की दर वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का. तीस वर्षं नदीकाठी राहणाऱ्याला त्या काळात तो दिसण्याची शक्यता जवळपास २६ टक्के भरते, म्हणजे चारातली एक. बरं, हा एक टक्का काढतो आपण कशावरून? पुष्कळ नद्यांवर तीस-चाळीस वर्षांच्या नोंदी असतात. त्यातला एखादाच मोठा पूर गणितात धरला की उत्तर एक येतं, वगळला की दुसरं. सांख्यिकी कितीही सुंदर असो, जो पूर कुणी पाहिलाच नाही त्याची माहिती ती कुठून आणणार?

इथे गाळ मदतीला आला, आणि माझ्या कामाची दिशाच बदलली.

खडकाळ घळीतून नदी जाते तिथे मोठ्या पुराचं पाणी एखाद्या उपनदीच्या मुखात किंवा कपारीत उलटं शिरतं. तिथे प्रवाह मंदावतो, आणि पाण्यात तरंगणारी बारीक वाळू व पोयटा खाली बसतो. पूर ओसरला की तो थर तिथेच राहतो, नदीच्या नेहमीच्या पातळीपासून कितीतरी उंचावर. पुढचा तेवढा मोठा पूर आला की त्यावर दुसरा थर. अशा जागी उभा छेद घेतला की थर स्वच्छ दिसतात. खाली वाळू, वर जाताना बारीक होत जाणारा पोयटा, आणि दोन पुरांच्या मधे पालापाचोळ्याची काळसर रेघ, मुळांच्या खुणा, कधी वाळून पडलेल्या भेगा. त्या भेगा पाहिल्या की कळतं, मधे पाणी ओसरून हा थर उघड्यावर वाळला होता. कोळशाचा तुकडा सापडला तर कार्बन-१४ ने वय काढता येतं. नाहीतर स्टीलची नळी थरात ठोकायची, काळ्या कापडाखाली ती बाहेर काढायची, दोन्ही तोंडं लगेच बंद करायची, आणि प्रयोगशाळेत मंद तांबड्या उजेडातच उघडायची. आतल्या क्वार्ट्‌झच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला, हे त्या कणांकडूनच मोजून घेता येतं. नर्मदेच्या आणि तापीच्या खोऱ्यांत अशा थरांवर फार मोलाचं काम झालं आहे. सर्वात वरच्या थराची उंची म्हणजे पुराने किमान एवढी पातळी गाठली याचा पुरावा. चाळीस वर्षांची नोंद त्यामुळे शेकडो वर्षं मागे नेता येते. नकाशावर पूररेषा आखणाऱ्या माणसाने असा एक छेद आयुष्यात एकदा तरी हात लावून पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

मग प्रश्न पडला, जुना गाळ एवढं सांगतो, तर आज वाहणारा गाळ आपण नीट मोजतो का?

गाळाचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक पाण्यात तरंगत जाणारा, भोवऱ्यांनी उचलून धरलेला. दुसरा तळावरून सरकत, घरंगळत, उड्या मारत जाणारा. तरंगता गाळ मोजायला तुलनेने सोपा, पण तोही शिस्त मागतो. नमुना घ्यायच्या बाटलीचं तोंड असं असावं लागतं की पाणी प्रवाहाच्याच वेगाने आत येईल. हळू आलं तर वाळूचे कण पाण्याबरोबर न वळता सरळ आत घुसतात आणि गाळ खरा असतो त्याहून जास्त दिसतो. वेगाने ओढलं गेलं तर उलटं. बाटली पृष्ठभागापासून तळाजवळ आणि परत वर एकाच लयीत न्यायची, कारण चिकणमाती सगळ्या खोलीत सारखी पसरलेली असते, पण वाळू तळाशी दाट असते. पृष्ठभागावरून बादलीभर पाणी घेऊन ती वाळू कधीच हाती लागत नाही. मग गाळणकागद, १०५ अंशांची भट्टी, आणि वजन.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वेळेचा. विसर्ग वाढतो तसा गाळ त्याच प्रमाणात वाढत नाही, कितीतरी जास्त वाढतो. अनेक नद्यांत गाळाचं वहन विसर्गाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात जातं. म्हणजे पाणी दहापट झालं की गाळ शंभरपट. त्यामुळे वर्षभराचा बहुतेक गाळ थोड्याशा दिवसांत जातो. त्यातही पाणी चढत असताना आणि उतरत असताना विसर्ग सारखाच असला तरी गाळ सारखा नसतो. चढत्या पाण्यात तो बहुधा जास्त असतो, कारण उतारांवर आणि पात्रात साठलेला सुटा माल पहिल्या लोंढ्यातच निघून जातो. रोज सकाळी ठरावीक वेळेला एक नमुना घेण्याची पद्धत कार्यालयाला सोयीची आहे, नदीचं काम त्यात पकडलं जात नाही. मध्यरात्री पाणी चढत असताना पुलावर उभा राहून दर अर्ध्या तासाला बाटली सोडणारा जो निरीक्षक असतो, त्याचं नाव कोणत्याही शोधनिबंधावर नसतं. या सगळ्या शास्त्राचा पाया त्या माणसाने घातला आहे.

तळावरचा गाळ हे फार अवघड प्रकरण. जाळीची पेटी तळाशी ठेवली तर ती प्रवाहच बदलते. दगडावर टेकली तर खालून वाळू निसटते, रुतली तर नको ते खरवडून घेते. यावरचा सर्वात धाडसी उपाय अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये, ईस्ट फोर्क नदीवर झाला. १९७० च्या दशकात ल्युना लिओपोल्ड आणि विल्यम एमेट यांनी पात्राच्या आरपार तळाशी काँक्रीटची खाच बांधली. खाचेत पडणारा सगळा माल खालच्या सरकत्या पट्ट्यावरून काठावर यायचा, वजन व्हायचा, आणि खालच्या बाजूला परत नदीत सोडला जायचा. नदीच्या हक्काचा गाळ नदीला परत द्यायचा, ही काळजी मला फार आवडते. त्यातून दिसलं की तळगाळ संथ, एकसारखा वाहत नाही. तो लाटांनी येतो, आणि पात्राच्या सगळ्या रुंदीतून नव्हे तर एका अरुंद पट्ट्यातून.

तळगाळ किती जाईल याची सूत्रं पुष्कळ आहेत. फ्रेंच अभियंते दु बॉय यांनी १८७९ मध्ये ऱ्होन नदीसाठी पहिलं मांडलं. अल्बर्ट शील्ड्स या अमेरिकन अभियंत्याने १९३६ मध्ये बर्लिनला प्रबंध लिहिला. कण नेमका कधी हलायला लागतो हे सांगणारा त्यातला आलेख आजही प्रत्येक विद्यार्थी शिकतो. अमेरिकेत परतल्यावर मात्र शील्ड्सना या विषयात काम मिळालं नाही. पुढची कारकीर्द त्यांनी कोरुगेटेड खोकी बनवणाऱ्या यंत्रांच्या रचनेत घालवली. इतका मोठा विचार करणारा माणूस या शास्त्राने गमावला, याची मला आजही हळहळ वाटते. आइन्स्टाइन यांचे चिरंजीव हान्स आल्बर्ट यांनी तळगाळाकडे संभाव्यतेच्या अंगाने पाहिलं आणि १९५० मध्ये आपली मांडणी प्रसिद्ध केली. हे सगळं असूनही, सूत्राने काढलेला तळगाळ प्रत्यक्षाच्या निम्मा ते दुप्पट या दरम्यान आला तर आम्ही ते यश मानतो. कारण नदीकडे ताकद किती आहे एवढं सूत्र सांगतं, उचलायला माल किती आहे ते सांगत नाही. वर मोठ्या गोट्यांचं चिलखत असेल तर खालची वाळू जागची हलत नाही. ते फुटलं की एका पुरात सगळं बदलतं.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी गोटे मोजायला पाठवतो. एम. गॉर्डन वोलमन यांनी १९५४ मध्ये सांगितलेली पद्धत आहे. पात्रात एकेक पाऊल टाकायचं, नजर दुसरीकडे करायची, बुटाच्या टोकाशी बोट न्यायचं आणि जो दगड पहिला लागेल तो उचलून मोजायचा. असे शंभर. नजर वळवायची कारण डोळ्यांना मोठे, देखणे दगड आवडतात. संगणकावर प्रारूप चालवणं आजच्या मुलांना उत्तम येतं, पण त्या प्रारूपात टाकायचा कणांचा आकार नदीत उतरल्याशिवाय मिळत नाही.

धरणांबद्दल थोडक्यात. चीनमध्ये पीत नदीवर सानमेनशिया धरण १९६० मध्ये पूर्ण झालं आणि दोन-चार वर्षांतच गाळाने असं भरत गेलं, की वरच्या वेई नदीचा तळ चढून तिथे नवा पूरधोका तयार झाला. शेवटी धरणाच्या तळाशी दारं उघडावी लागली आणि नियम बदलावा लागला: पुराचं गढूळ पाणी सोडायचं, नंतरचं स्वच्छ साठवायचं. उलट नाईलवर आस्वानचं मोठं धरण १९७० मध्ये झाल्यावर खालचा गाळ जवळपास थांबला आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र खाऊ लागला. गाळ एका जागी जास्त झाला तरी संकट, दुसरीकडे कमी पडला तरी संकट. आणि हे परिणाम सावकाश येतात. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी पाण्याच्या फवाऱ्यांनी डोंगर फोडले गेले, १८८४ मध्ये न्यायालयाने ते थांबवलं, पण खाली आलेल्या गाळाने नद्यांचे तळ पुढेही अनेक दशकं चढलेले राहिले. भूशास्त्रज्ञ जी. के. गिल्बर्ट यांनी १९१७ मध्ये याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याच्याइतकं समग्र काम नंतरही फार थोडं झालं आहे.

संशोधनाचा निधी तीन वर्षांसाठी मिळतो. मोठा पूर त्या तीन वर्षांत येईलच असं नाही. म्हणून मापन केंद्र बंद करण्याचा प्रस्ताव कुठेही आला की मी विरोधाचं पत्र लिहितो, आणि यापुढेही लिहीन. वीस वर्षं काहीच घडलं नाही अशी नोंदसुद्धा पुढच्या माणसाच्या गणितात लागते.

मघाशी पुढच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: नदीतला गाळ काढून पात्र खोल केलं तर पूर थांबेल का? काही ठिकाणी पातळी थोडी उतरते, पुलाच्या अरुंद मोरीखाली उपयोगही होतो. पण वरून गाळ येतच असेल तर तुम्ही खणलेला खड्डा म्हणजे नदीसाठी तो टाकायची जागा. एखाद-दोन पुरांत भरून जातो. वरून येणारा गाळ कमी असेल तर वेगळंच होतं. खड्ड्याच्या वरच्या तोंडाला उतार तीव्र होतो, नदी तिथून मागे मागे तळ खरवडत जाते आणि वरच्या पुलाचे खांब उघडे पडतात. खणायचं की नाही हे ठरवण्याआधी वर्षाला गाळ येतो किती आणि जातो किती, हा हिशोब हवा. तो हिशोब तुमच्या नदीवर कुणी केला आहे का, ते आधी विचारा. केला नसेल, तर निविदा काढण्यापूर्वी निदान दोन पावसाळे चढत्या पाण्यातले नमुने घ्या. कसे घ्यायचे ते दाखवायला मी येईन.