पंधरा मिनिटे पुढे, अर्धा तास पुढे: नेपाळ आणि भूतान

[पडद्यावर काठमांडूतील एका दुकानाच्या भिंतीवरचे घड्याळ.]

मुंबईत दुपारचे बारा वाजतात, तेव्हा काठमांडूत सव्वाबारा झालेले असतात आणि थिंफूत साडेबारा. भूतानचा अर्धा तास नकाशाकडे पाहून समजतो, कारण तो देश आपल्या बराच पूर्वेला आहे. नेपाळची पंधरा मिनिटे मात्र व्यवहाराच्या सोयीने समजत नाहीत. १९८६ पर्यंत नेपाळचे घड्याळ भारताच्याच वेळेवर चालत होते. त्या वर्षी ते गौरीशंकर शिखराजवळून जाणाऱ्या रेखांशाला जुळवून घेतले गेले. या पाव तासाने विमानांची वेळापत्रके अवघड झाली, सीमेवरच्या बाजारात गोंधळ झाला, पण आपण दिल्लीपेक्षा वेगळे आहोत हे प्रत्येक नेपाळी माणसाच्या मनगटावर कायमचे नोंदले गेले.

हिमालयाच्या दक्षिण उतारावरच्या या दोन देशांबद्दल आपल्याकडे दोन ठरीव चित्रे आहेत. नेपाळ म्हणजे गरीब, गोंधळाचा, सतत सरकार बदलणारा देश. भूतान म्हणजे स्वच्छ, शांत आणि आनंदी देश. चित्रे अगदीच खोटी नाहीत. मात्र त्यांच्यामागची कारणे आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ वेगळी आहेत.

आधी आकार पाहू. नेपाळचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ४७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे कमी, आणि २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २ कोटी ९२ लाखांच्या घरात. भूतानचे क्षेत्रफळ ३८ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आणि २०१७ च्या जनगणनेतली लोकसंख्या ७ लाख २७ हजार. म्हणजे एका भूतानी माणसामागे चाळीस नेपाळी माणसे. पुढची कोणतीही तुलना ऐकताना हा आकडा विसरून चालणार नाही, कारण एका मोठ्या धरणाची वीज विकून सात लाखांचे घर चालू शकते, तीन कोटींचे चालत नाही.

[चुखा प्रकल्पाचे वीजगृह, भिंतीमागे पाण्याचा आवाज.]

भूतानच्या आधुनिक अर्थकारणाची सुरुवात रस्त्याने झाली. १९५८ साली पंडित नेहरू भूतानला गेले, तेव्हा मोटारीने जाण्याची सोय नव्हती. नाथू ला ही खिंड ओलांडून, तिबेटमधल्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि याकवर बसून ते पारोला पोचले. चारच वर्षांनी, भारताच्या सीमा सडक संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने भारतीय सीमेवरचे फुंटशोलिंग ते थिंफू हा रस्ता पूर्ण केला आणि पाच-सहा दिवसांची पायपीट एका दिवसावर आली. त्याच रस्त्याने पुढे सिमेंट आले, यंत्रे आली, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ३३६ मेगावॉटचा चुखा प्रकल्प उभा राहिला. त्याचा साठ टक्के खर्च भारताने अनुदान म्हणून दिला आणि चाळीस टक्के कर्ज म्हणून. जादा वीज भारतानेच विकत घ्यायची, असाही करार झाला. ताला, १०२० मेगावॉट, आणि मांगदेछू, ७२० मेगावॉट, हे प्रकल्प साधारण याच वाटेने आले. आज भूतानचे दरडोई उत्पन्न साडेतीन हजार डॉलरच्या वर आहे, तर नेपाळचे चौदाशे डॉलरच्या आसपास. या अंतराचे श्रेय अनेक जण ‘सकल राष्ट्रीय आनंद’ या, म्हणजे प्रगती उत्पन्नाऐवजी लोकांच्या समाधानाने मोजण्याच्या, भूतानच्या कल्पनेला देतात. खरे तर त्यातला मोठा वाटा कड्यावरून खाली येणारे पाणी, हमखास गिऱ्हाईक आणि छोटी लोकसंख्या यांचा आहे.

या व्यवस्थेला दुसरी बाजूही आहे. हे प्रकल्प मोठ्या जलाशयाचे नसून वाहत्या पाण्यावरचे आहेत, त्यामुळे हिवाळ्यात नद्या आटल्या की वीज विकणारा भूतान भारताकडूनच वीज विकत घेतो. पुनात्सांगछू-१ या १२०० मेगावॉटच्या प्रकल्पाचे काम २००८ मध्ये सुरू झाले, २०१३ मध्ये धरणाच्या उजव्या काठचा डोंगर सरकू लागला, आणि खर्च मूळ अंदाजाच्या अडीच पटींच्या वर गेला. देशाच्या परदेशी कर्जाचा सर्वांत मोठा भाग याच वीजप्रकल्पांचा आहे.

नेपाळकडे नद्या कमी नाहीत. कमी होते ते राजकीय स्थैर्य आणि शेजाऱ्यावरचा विश्वास. अरुण-३ प्रकल्पातून जागतिक बँकेने १९९५ मध्ये अंग काढून घेतले, पुढच्याच वर्षी माओवाद्यांचे सशस्त्र बंड सुरू झाले, आणि २००८ नंतरच्या हिवाळ्यांत काठमांडूतल्या घरांनी दिवसाला सोळा-सोळा तासांचे भारनियमन सोसले. म्हणूनच २०२१ मध्ये सुरू झालेल्या ४५६ मेगावॉटच्या माथिल्लो तामाकोशी प्रकल्पाचे महत्त्व त्याच्या मेगावॉटपेक्षा मोठे आहे. त्यात परक्या देशाचा पैसा नाही. कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी, नेपाळी सरकारी कंपन्या आणि दोलखा जिल्ह्यातल्या रहिवाशांनी घेतलेले शेअर यांतून तो उभा राहिला. आता पावसाळ्यात नेपाळही भारताला वीज विकतो.

[त्रिभुवन विमानतळाच्या निर्गमन दारापुढची पहाट.]

पण नेपाळची खरी निर्यात पडद्यावर दिसते आहे ती. कपाळावर दही, तांदूळ आणि कुंकवाचा जाड टिळा, गळ्यात झेंडूची माळ, हातात पारदर्शक प्लास्टिकची फाइल. त्या फाइलमध्ये पासपोर्ट, व्हिसा आणि ‘श्रम स्वीकृती’, म्हणजे परदेशात कामाला जाण्याचा सरकारी परवाना. २०२२-२३ या आर्थिक वर्षात नूतनीकरणे धरून असे सात लाखांहून अधिक परवाने दिले गेले. कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि मलेशियातून ही माणसे जो पैसा घरी धाडतात, तो देशाच्या सकल उत्पन्नाच्या सुमारे पाव हिश्श्याएवढा आहे. याच विमानतळावर मालवाहतुकीच्या दाराने लाकडी पेट्याही येतात. नेपाळीत त्यांना ‘रातो बाकस’, लाल पेटी, म्हणतात. परदेशात मेलेल्या मजुरांची शवे त्यांत असतात.

परदेशी चाकरीची ही सवय जुनी आहे. नेपाळशी झालेल्या १८१४ ते १८१६ च्या युद्धादरम्यान इंग्रजांनी गोरखा पलटणी उभारायला सुरुवात केली, आणि त्याच सुमारास डोंगरातले तरुण रणजितसिंहाच्या फौजेत भरती व्हायला लाहोरला जाऊ लागले. त्यावरून बाहेरगावी चाकरी करणाऱ्याला पडलेले ‘लाहुरे’ हे नाव आजही टिकून आहे. १९५० च्या करारामुळे भारतात यायला नेपाळी माणसाला पासपोर्ट लागत नाही. देवगड-रत्नागिरीकडे हापूसच्या हंगामात कलमांची राखण करणारा, फवारणीचे पंप वाहणारा माणूस पुष्कळदा नेपाळी असतो. किनाऱ्यावरच्या मच्छीमारी नौकांवर तांडेल स्थानिक आणि खलाशी नेपाळी, हेही आता नवल राहिलेले नाही. आपण त्या सर्वांना सरसकट ‘गुरखा’ म्हणतो, मग तो थारू असो, मगर असो की खस ब्राह्मण.

या पैशाने काय घडले, ते नीट समजून घेण्याजोगे आहे. नेपाळमधले दारिद्र्यरेषेखालचे प्रमाण १९९५-९६ मध्ये ४२ टक्के होते आणि २०१०-११ मध्ये २५ टक्क्यांवर आले. या काळातली दहा वर्षे यादवी युद्धात गेली, त्यात सतरा हजारांच्या आसपास माणसे मेली, राजवाड्यात हत्याकांड झाले आणि अखेर राजेशाहीही गेली. तरी गरिबी घटत राहिली, कारण घरोघरी मनीऑर्डरी येत होत्या. सरकारचे कौतुक करायचेच तर आरोग्याबाबतीत करावे लागेल. दर लाख जिवंत जन्मांमागे १९९६ मध्ये ५३९ माता दगावत. २०२१ च्या जनगणनेच्या आधारे हा आकडा १५१ वर आला. त्यामागे गावागावांत बिनपगारी काम करणाऱ्या सुमारे पन्नास हजार महिला आरोग्य स्वयंसेविका आहेत, आणि त्यांचे नाव कोणत्याही पर्यटन जाहिरातीत येत नाही.

[गांगखर पुएनसुम, दुरून.]

डोंगराकडे पाहण्याची दोघांची दृष्टीही वेगळी. जगातल्या चौदा अष्टहजारी शिखरांपैकी आठ नेपाळात किंवा त्याच्या सीमेवर आहेत, आणि नेपाळ ती परवाने देऊन चढू देतो. सप्टेंबर २०२५ पासून वसंतातल्या एव्हरेस्ट चढाईची फी माणशी ११ हजारांवरून १५ हजार डॉलर झाली. भूतानचे गांगखर पुएनसुम ७,५७० मीटर उंच आहे आणि त्यावर आजवर कोणाचेही पाऊल पडलेले नाही. शिखरे देवतांची आहेत म्हणून भूतानने १९९४ मध्ये सहा हजार मीटरवरच्या चढाया थांबवल्या आणि २००३ मध्ये गिर्यारोहणच पूर्ण बंद केले. पायथ्याशी फिरणाऱ्यांकडून मात्र दर रात्रीचे शुल्क घेतले जाते. २०२२ मध्ये ते २०० डॉलर केले, पर्यटक रोडावले, तेव्हा वर्षभरात १०० वर आणले. भारतीयांना ते १२०० रुपये पडते.

जंगलांच्या बाबतीत तुलना अधिक रंजक आहे. साठ टक्के भूमी कायम वनाच्छादित राहील असे भूतानच्या संविधानातच लिहिले आहे, आणि प्रत्यक्षात ते प्रमाण सत्तरच्या आसपास आहे. तिथे मुळात माणसेच थोडी. नेपाळने उजाड झालेले डोंगर १९९३ च्या कायद्याने गावांच्या ताब्यात दिले. आज बावीस हजारांवर सामुदायिक वन समित्या आहेत आणि देशाचा सुमारे ४५ टक्के भाग वनाखाली आहे. माझ्या मते दुसरे काम अधिक कठीण होते.

[थिंफू, सकाळी नऊ. कार्यालयाच्या पायऱ्या चढणारी माणसे.]

आता ओळखीचा प्रश्न. हा कर्मचारी अंगात घो घालून आला आहे. टाचेपर्यंतचा हा झगा गुडघ्यापर्यंत वर ओढायचा, ‘केरा’ नावाच्या अरुंद पट्ट्याने कमरेशी आवळायचा, आणि मग छातीवर जो घोळ तयार होतो तो खिशाचे काम करतो. पूर्वी त्यात लाकडी वाटी आणि सुपारी असे, आता फोन असतो. झोंगमध्ये, म्हणजे किल्लेवजा सरकारी मठात, पाऊल टाकायचे तर खांद्यावर ‘कबने’ हे उपरणे हवेच, आणि त्याच्या रंगावरून दर्जा कळतो. राजाचे पिवळे, मंत्र्याचे भगवे, सामान्य माणसाचे पांढरे.

हा पोशाख देखणा आहे, पण १९८९ मध्ये तो सक्तीचा झाला, तेव्हा दक्षिण भूतानमधल्या नेपाळीभाषक शेतकऱ्यांना तो देखणा वाटला नाही. त्याच सुमारास शाळांतून नेपाळी भाषा काढली गेली. त्याआधी, १९८५ च्या नागरिकत्व कायद्याने १९५८ साली देशात राहत असल्याचा पुरावा ही कसोटी ठरवली होती, आणि १९८८ च्या शिरगणतीत माणसे कपाटांच्या तळातून शेतसाऱ्याच्या पावत्या शोधू लागली. पावती १९५८ चीच हवी होती. आधीची किंवा नंतरची अनेकांच्या उपयोगी पडली नाही. थिंफूच्या राज्यकर्त्यांच्या मनात सिक्कीम होते. तिथे नेपाळीभाषक बहुसंख्य झाले आणि १९७५ मध्ये ते राज्य भारतात विलीन झाले. भीती समजू शकते. पण तिची किंमत एक लाखाहून अधिक माणसांनी चुकवली. देशातून निघून ती पूर्व नेपाळमधल्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत जाऊन राहिली.

याच धोरणाची दुसरी आवृत्ती नेपाळात त्याआधी तीस वर्षे चालू होती, हे बहुधा सांगितले जात नाही. १९६० नंतरच्या पंचायती राजवटीत, म्हणजे राजाच्या हाती सत्ता असलेल्या पक्षविरहित व्यवस्थेत, राजे महेंद्रांच्या दरबाराचा नारा होता, ‘एक भाषा, एक भेष, एक देश’. भाषा नेपाळी, भेष दौरा-सुरुवाल आणि ढाका टोपी. नेवार, मैथिली, तामांग, थारू यांच्या भाषांना शाळेत स्थान नव्हते. पुढे १९९० च्या जनआंदोलनाने ती राजवट मोडली, आणि २०१५ च्या संविधानाने देशात बोलल्या जाणाऱ्या सर्व मातृभाषांना राष्ट्रभाषा म्हटले. २०२१ च्या जनगणनेने १२४ मातृभाषा मोजल्या. त्याच संविधानावर तराईतले, म्हणजे दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यातले, मधेशी मात्र नाराज झाले, भारताकडची सीमा महिनोन्महिने अडली आणि भूकंपातून सावरणाऱ्या देशात गॅसच्या टाक्यांसाठी रांगा लागल्या. नेपाळमध्ये ‘आपण कोण’ हा वाद रस्त्यावर होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरच्या बंदीविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, सत्तरहून अधिक माणसे मेली, सिंहदरबार हे सरकारचे मुख्यालय जळाले आणि सरकार दोन दिवसांत पडले.

भूतानमध्ये आवाज होत नाही. २००८ मध्ये राजानेच लोकशाही आणली, शिक्षण आणि उपचार मोफत आहेत, निवडणुका वेळेवर होतात. तरीही शिक्षक, परिचारिका, सरकारी अधिकारी नोकऱ्या सोडून हजारोंनी ऑस्ट्रेलियाला, विशेषतः पर्थला, जात आहेत. नेपाळी तरुण विमानतळावर जाण्याआधी कधीतरी मोर्चात गेलेला असतो. भूतानी तरुण सरळ विमानतळावर जातो.

[बेलडांगीची निर्वासित छावणी, झापा. बांबूच्या भिंतींची घरे.]

भूतानमधून निघालेल्या, छावण्यांतल्या माणसांना अखेर भूतान आणि नेपाळ या दोघांनीही घेतले नाही. २००७ नंतर एक लाखाहून अधिक निर्वासितांना तिसऱ्या देशांनी स्वीकारले आणि त्यांतले बहुतेक अमेरिकेत गेले. २०२५ मध्ये अमेरिकेने त्यांच्यापैकी काहींना, कुठल्या ना कुठल्या गुन्ह्याची नोंद दाखवून, विमानाने पारोला परत पाठवले. भूतानने त्यांना ठेवून घेतले नाही. फुंटशोलिंगच्या सीमेबाहेर आणून सोडले. भारतातून वाट काढत, मेची नदी ओलांडून त्यांच्यातले काही जण झापा जिल्ह्यात, बालपणी सोडलेल्या याच छावणीत परतले. नेपाळी पोलिसांनी त्यांना विनापरवाना प्रवेशाबद्दल ताब्यात घेतले, आणि यांना देशाबाहेर काढायचे तर कोणत्या देशात पाठवायचे, हा प्रश्न नेपाळच्या इमिग्रेशन खात्यापुढे येऊन उभा राहिला.