नऊ गुंठ्यांना उंचीचा एकच आकडा

मंडळी, नकाशाशास्त्र आणि आपत्ती असा विषय निघाला की लगेच उपग्रहाचं नाव येतं. उपग्रह लागतोच. पण कोकणात ऐन गरजेच्या वेळी साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला काही दिसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आषाढ-श्रावणात त्याला खाली नुसते ढग दिसतात. तेव्हा रडार कामी येतं. सेंटिनेल-१ हा युरोपचा उपग्रह स्वतःच लहरी सोडतो आणि त्या ढगातून आरपार जातात. संथ पाण्यावर पडलेली लहर पलीकडे निघून जाते, म्हणून पुराचं पाणी चित्रात काळं दिसतं. आता गंमत बघा, जुलैत लावणीची खाचरंही पाण्याने भरलेली असतात, तीही काळीच! म्हणून पुराआधीचं चित्र शेजारी ठेवून फरक काढावा लागतो. आणि चिपळूणच्या बाजारपेठेत तर ही युक्तीही लंगडी पडते. भिंतींवर आपटून लहर माघारी येते आणि बुडालेली गल्ली कोरडी भासते.

म्हणून माझा जीव उपग्रहापेक्षा जमिनीच्या उंचीत अडकलाय.

चिपळूणमधून वाहणाऱ्या वाशिष्ठी नदीचा पूर नुसत्या पावसाचा नसतो. वर सह्याद्रीत पाऊस, त्यात कोयनेचं अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेलं पाणी, आणि खाली दाभोळच्या खाडीतून चढणारी भरती. २२ जुलै २०२१ला पाणी कुठल्या दुकानात किती चढलं, ते जमिनीच्या मीटर-दोन मीटरच्या फरकावर ठरलं. आणि आपल्या हातात काय आहे? आपल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या प्रतिमांवरून केलेली उंचीची माहिती इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर फुकट मिळते, चांगली सोय आहे. पण तिचा एक चौकोन ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे ९०० चौरस मीटर, जवळजवळ नऊ गुंठे. तेवढ्या जागेला उंचीचा एकच आकडा, आणि त्यातही काही मीटरची चूक. घरामागे जेसीबीने उभा कापलेला डोंगर त्या आकड्यात बेपत्ता होतो. दरड मात्र नेमकी तिथूनच सुटू शकते.

दरडीखाली गेलेली रायगडमधली इर्शाळवाडी आठवा, १९ जुलै २०२३ची रात्र. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच सांगितलं. यादी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. आधी कुठे बघायचं, हे ठरवायला जिल्ह्याचा नकाशा उत्तम. पण अमुक घर हलवायचं की नाही, हे त्यावरून ठरवणं मला धोक्याचं वाटतं. रत्नागिरीकडे वर जांभा, त्याखाली मऊ चिकण माती, खाली काळा दगड. जांभ्यातून झिरपलेलं पाणी मातीपाशी अडतं. ते कुठल्या पऱ्यात बाहेर पडतं, हे वाडीतल्या म्हाताऱ्याला ठाऊक असतं, नकाशात ते नसतं.

कांदळवनांचं काम त्या मानाने सोपं. डिसेंबरनंतर आकाश स्वच्छ असतं, सेंटिनेल-२ या कॅमेऱ्याच्या उपग्रहाच्या दोन वर्षांच्या प्रतिमा लावल्या की तिवरं कुठे तुटली आणि बांध कुठे पडला ते दिसतं. त्यावर जास्त बोलत नाही.

इथल्या सिव्हिलच्या पोरांना माझं एक काम आहे. २००५ आणि २०२१च्या पुराच्या खुणा अजून काही भिंतींवर आहेत, रंगकाम झालं की जातील. फोनमधलं जीपीएस जागा बऱ्यापैकी दाखवतं, पण उंचीसाठी त्यावर विसंबू नका. उंची मोजायची ऑटो लेव्हल काढा, जवळच्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची आधीच ठाऊक असलेल्या खुणेवरून, उंची आणा आणि प्रत्येक खूण क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक बिंदू म्हणून चढवा. ते फुकट आहे.

डोंगराकडच्या वाड्यांसाठी त्याच नकाशात दुसरा थर करा. उतारावरची भेग, कललेली झाडं, अचानक गढूळ झालेला किंवा नव्याने फुटलेला झरा. प्रत्येकाचा फोटो, तारीख आणि जागा. शक्य असेल तिथे गट नंबरही टाका, कारण तलाठ्याला अक्षांश-रेखांश सांगितले तर तो तुमच्याकडे बघत बसेल. आणि भेग रुंदावताना दिसली तर नकाशा तसाच टाका, घरातली माणसं बाहेर काढा आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७वर फोन करा.