कारावास म्हणजे नेमके काय?

श्रोतेहो, नमस्कार. कारावास हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. पोलिसांनी एखाद्याला पकडून नेले, की ‘त्याला कारावास झाला’ असे त्याच संध्याकाळी बोलले जाते; वास्तविक तोवर त्याला फक्त अटक झालेली असते. पुढे न्यायदंडाधिकारी पोलीस कोठडी देतात, नंतर न्यायालयीन कोठडी सुरू होते, आणि खटला संपेपर्यंत तो तुरुंगात राहिला तरी कच्चा कैदीच, म्हणजे न्यायाधीन बंदी असतो. कारावास ही शिक्षा आहे, आणि दोष सिद्ध झाल्याखेरीज शिक्षा नाही. ठरावीक मुदतीची शिक्षा झाल्यास कच्च्या कैदेत गेलेले दिवस तिच्यातून वजा होतात, ही गोष्ट निराळी.

निकालपत्रातला ‘सश्रम कारावास’ म्हणजे बोलण्यातली सक्तमजुरी, आणि ‘साधा कारावास’ म्हणजे साधी कैद. पहिल्या प्रकारात कैद्याला काम करणे भाग असते, दुसऱ्यात तशी सक्ती नसते. शिक्षेचा भाग म्हणून एकांत कोठडीही न्यायालय फर्मावू शकते, पण ती केवळ सश्रम कारावासाच्या जोडीला, एकूण तीन महिन्यांपेक्षा अधिक नाही आणि सलग 14 दिवसांपलीकडे नाही.

सर्वाधिक गोंधळ मात्र जन्मठेपेचा आहे. पूर्वी कायद्यात आजन्म काळ्या पाण्याची शिक्षा होती. 1955 च्या दुरुस्तीने तिच्या जागी आजन्म कारावास आला. ‘जन्मठेप म्हणजे 14 वर्षे’ हे वाक्य शिकलेली माणसेही बिनदिक्कत ऐकवतात, आणि ते चूक आहे. जन्मठेप म्हणजे उरलेले सारे आयुष्य, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच दिला. मग 14 चा आकडा आला कुठून? ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्या कैद्याला सरकारने शिक्षेत सूट दिली, तरी किमान 14 वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सोडता येत नाही, अशी फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातली ती अट आहे. म्हणजे 14 वर्षांनी सुटकेचा विचार होऊ शकतो; सुटका हा हक्क ठरत नाही.

आणखी एक आकडा ऐकू येतो, 20 वर्षांचा. तो केवळ हिशेबासाठी आहे. एखाद्या गुन्ह्याच्या प्रयत्नाला मूळ शिक्षेच्या निम्मी शिक्षा द्यायची आणि मूळ शिक्षा जन्मठेप असेल, तर आयुष्याचे निम्मे कसे काढणार? म्हणून भारतीय न्याय संहितेत, पूर्वीच्या दंड संहितेप्रमाणेच, तेवढ्यापुरती जन्मठेप 20 वर्षांची धरतात, आणि निम्मी शिक्षा 10 वर्षे होते.