चौरस फुटाला काय घेता?

(सांगलीतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. प्रास्ताविकात माझं जरा जास्तच कौतुक झालं. शाळेत बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली, एवढं खरं. निवृत्तीनंतर गावोगावच्या भिंती रंगवत आलो. आज त्या भिंतींबद्दलच बोलतो.

फोन येतो तो साधारण असा. "सर, वीस बाय दहाची भिंत आहे. चौरस फुटाला काय घेतासा?" मी विचारतो, काढायचंय काय? पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "काढा की कायतरी चांगलं. झाडं लावा, झाडं जगवा, आसलं. तुमाला काय सांगायचं!" यात सरपंचांची चूक नाही. सरकारी दरसूचीत डिस्टेंपरच्या दोन हातांचा दर सापडतो, चित्राचा सापडत नाही. मग ग्रामसेवक चित्राला रंगकामाच्या रकान्यात बसवतो. चित्र एकदा रंगकाम झालं की सगळ्यात कमी दर भरणारा ते काम नेतो, आणि सगळ्यात कमी दर भरायचा तर विचार करायला वेळ घालवून चालत नाही. त्यामुळेच एका गावच्या भिंतीवरचं झाड आणि शेजारच्या गावच्या भिंतीवरचं झाड एकाच छापाचं असतं.

असं एक काम मी जवळून पाहिलं. गावाचं आणि कचेरीचं नाव घेत नाही. स्वच्छतेच्या स्पर्धेचे दिवस होते, पंधरा दिवसांत शंभरेक भिंती उरकायच्या होत्या. काम घेतलं बाहेरच्या ठेकेदारानं. प्रत्यक्ष रंगवायला आली माझ्याच हाताखालून गेलेली चार पोरं, रोजंदारीवर. साचा ठेवायचा, रंग मारायचा, पुढं सरकायचं. एक पोरगा मला म्हणाला, "सर, पंख काढून काढून हात दुखाय लागला." फुलपाखराचे पंख हो, ज्यांच्यासमोर उभं राहून लोक फोटो काढतात ते! हा पोरगा गणपतीच्या दिवसांत मूर्तीचे डोळे उघडतो. त्याच्या हातात काय आहे ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पण त्याला कुणी विचारलंच नाही की बाबा, तू काय काढशील?

आता तुम्ही म्हणाल, कलाकाराला असं विचारायची आपल्याकडं रीत कुठं आहे? आहे की. आणि ती सांगलीचीच आहे. कर्नाटकातून आलेल्या, पुराणातल्या कथांचे खेळ करणाऱ्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी पाहिले आणि पदरी असलेल्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं काही आपल्याकडं करा. त्यातून 5 नोव्हेंबर 1843 ला 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. आपण तो दिवस रंगभूमी दिन म्हणून पाळतो, नारळ फोडतो, भाषणं करतो. पण त्या दिवसाच्या मुळाशी एक मागणी होती, हे ध्यानात घेत नाही. भावे हाताचे कसबी, लाकडी बाहुल्या करणारे. आप्पासाहेबांनी माणूस हेरला, साधनं दिली आणि करू दिलं. नाटक किती हात लांब, किती रुंद, असा हिशेब घातला नाही.

त्याच गोष्टीचा पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. 1851 मध्ये आप्पासाहेब वारले आणि दरबारचा आधार सुटला. भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं, 1853 मध्ये त्यांनी मुंबईत खेळ केले. रंगभूमीच्या दृष्टीनं ते बरंच झालं म्हणा. पण मागणाऱ्याच्या शब्दावर उभं राहिलेलं काम मागणारा गेल्यावर उघड्यावर पडतं, हेही त्यातून दिसतं. आज सरपंच बदलतो, आयुक्तांची बदली होते, तेव्हा तेच होतं.

म्हणून कागद हवा. कागद म्हटलं की आपली कलाकार मंडळी अंग चोरतात. "सर, घरचंच काम आहे, लिहून काय घ्यायचं?" त्यांना मी दिल्लीच्या विज्ञान भवनाची हकीकत सांगतो. अमरनाथ सहगल या शिल्पकाराला तिथल्या भिंतीसाठी 1957 मध्ये ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प करायला सांगितलं गेलं. ते 1962 मध्ये पुरं झालं. 1979 मध्ये नूतनीकरण निघालं, शिल्प उतरवलं, गोदामात टाकलं, त्याचे काही भाग गहाळ झाले. सहगल 1992 मध्ये कोर्टात गेले. निकाल लागला 2005 मध्ये. दिल्ली उच्च न्यायालयानं उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला लावलं आणि 5 लाख रुपये भरपाई ठरवली. आधार होता कॉपीराइट कायद्यातल्या 57 व्या कलमाचा. काम विकलं, पैसे घेतले, तरी त्या कामाची मोडतोड करून कलाकाराच्या नावाला धक्का लावता येत नाही. आता पंचायतीच्या भिंतीसाठी कोण तेरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार? दोन पानी करार केला तर ती वेळ येत नाही. भिंत पाडायची झाली तर आधी कळवायचं, वर दुसरी जाहिरात रंगवायची नाही, डागडुजी कुणी आणि कुठल्या पैशातून करायची, आणि चित्राखाली नाव कुणाचं, एवढं त्यात असलं तरी पुरे.

नावाचं विशेष सांगतो. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. भिंतींवर चित्रं आहेत, लोक लांबून बघायला येतात. नानांचं नाव शाळेतल्या पोरालाही पाठ. ज्यांनी माना वर करून ती चित्रं रंगवली, त्यांची नावं लोकांच्या तोंडी राहिली नाहीत. पेशवाईत ते चालून गेलं. आजही भिंतीवर ठळक नाव असतं ते सौजन्याचं, "यांच्या विकास निधीतून" असं. चित्रकाराची सही मात्र गवतात शोधावी लागते.

पैशाचं बोलतो, कारण त्यावर बोलायला लाजलो की गाडं अडतं. माझं गावांना एकच सांगणं असतं. आधी कच्च्या आराखड्याचे पैसे द्या. जिल्ह्यातले तीन कलाकार निवडा, तिघांनाही आराखड्याची बिदागी द्या, मग त्यातला एक पसंत करा. बाकी दोघांची बिदागी वाया गेली असं समजू नका. फुकट आराखडा मागितला की कलाकार कुठलंसं जुनंच चित्र पुढं करतो. त्याला तुमच्या गावात चार दिवस बसायचं असेल तर त्या चार दिवसांची चूल कुणी पेटवायची?

आणि कलाकार म्हणजे केवळ पदवीवाले धरू नका. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात जाऊन बघा, भोपळ्यावर आणि दांडीवर नक्षी करणारे हात कसे चालतात. आपल्याकडं रांगोळीवाले आहेत, नाटकाचे पडदे रंगवलेले म्हातारे आहेत, फ्लेक्स आल्यावर ज्यांचे ब्रश वाळले ते पाट्या रंगवणारे पेंटर आहेत. त्यांच्यासारखं अक्षर मला आजही जमत नाही. सुतानं रेघ मारून, परांचीवर उभं राहून, मान न वळवता तीन फुटी 'श्री' काढायचे. त्यांना बोलवा. साताऱ्याकडं भिलारला 2017 मध्ये पुस्तकांचं गाव झालं, तेव्हा सुरुवातीला 25 ठिकाणी, बरीचशी लोकांच्या राहत्या घरांत, पुस्तकं ठेवली आणि चित्रकारांनी तिथल्या भिंती रंगवल्या. मला त्यातलं आवडतं ते हे की घरमालकाला ते चित्र रोज उंबऱ्यातून बघायचं असतं. आवडलं नाही तर तो बोलणार!

कृष्णाकाठच्या एका गावची गोष्ट सांगतो. तालमीची भिंत, रस्त्याकडची. सरपंचांनी नेहमीचाच प्रश्न विचारला. मी म्हटलं, दर नंतर सांगतो, आधी तीन दिवस कट्ट्यावर बसू द्या. 2019 च्या पुराला दीड वर्ष होत आलं होतं. त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी 45. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर, साधारण सात फुटांवर, गढूळ पट्टा होता आणि त्यावर कुणीतरी तांबड्या ऑइलपेंटनं रेघ मारून साल लिहिलं होतं. मला ती रेघ नको होती. चित्रात लुडबुड करत होती. आधी भिंत साफ करून घेऊ, असं मनात ठरवलंही होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातल्या मावशी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "काय बी काढा, रेघ तेवढी पुसू नगासा. पोरं इचारत्यात, पाणी कुठवर आलतं म्हणून. दावायला लागतंय." झालं, आराखडा बदलला. रेघ तशीच ठेवली, तिच्या वर कौलं आणि पत्रे काढले, खाली रोजची गल्ली. एका पोराच्या हट्टापायी त्याची शेळी त्यात आली.

खालच्या तीन फुटांचा प्रश्न होता. ज्या भिंतीत ओल चढते तिथं ॲक्रिलिक रंग टिकत नाही. आत पाणी मुरतं, बाहेरच्या पापुद्र्यामुळं ते निघू शकत नाही, मग पांढरी पूड फुटते आणि पोपडे धरतात. आम्ही तो भाग फुटक्या टाइल्सचा केला. तुकडे लोकांच्याच घरांतले, पुरानं उखडलेल्या फरशांचे. बायकांनी पाट्या भरून आणून दिले. गिलावा नवा होता, म्हणून वरच्या रंगाला महिनाभर थांबलो. सरपंचांना तो महिना फार लागला.

काम फेब्रुवारी 2021 मध्ये संपलं. जुलैत पुन्हा पूर आला. पाणी ओसरल्यावर मी गेलो तर टाइल्सवर बोटभर चिखल होता. पाइप लावला, सगळं तसंच्या तसं निघालं. टाइल्सच्या वरचा फूटभर पट्टा, जिथं रंग होता, तो फुगून पोपडे आले होते. करारात डागडुजीसाठी थोडी रक्कम राखून ठेवलेली होती. ती कुणाच्या सहीनं काढायची यावरून दोन महिने गेले. तेवढं मात्र आम्ही लिहायला विसरलो होतो.

दिवाळीनंतर रंग घेऊन गेलो. परांची बांधून होते तोवर मावशी आल्या, हातात तांबड्या रंगाचा डबा. या खेपेला पाणी तीनेक फूट कमी चढलं होतं, नवी रेघ जुन्या रेघेच्या बरीच खाली यायची. त्यांनी भिंतीवर बोट ठेवून दाखवलं, "हितनं." बरोबर शेळीच्या पोटातनं जात होती. मावशी माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. मी म्हटलं, मारा. मग तालमीतल्या पोरानं सूत आणलं आणि मी त्याचं एक टोक धरलं.